भरूचचा गोल्डन ब्रिज: पाडायचा, उघडायचा की असाच ठेवायचा?

अंकलेश्वरी_खानदेशी

मंडळी, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका पुलावरून जुंपली आहे. तिथे कोणी कोणाचं ऐकत नाही, म्हणून इथे विचारतोय.

आम्ही मूळ शिरपूरकडचे. वडील अंकलेश्वर जीआयडीसीत लागले आणि आम्ही इथलेच झालो. सरदार पुलावर ट्रकांची रांग कायमची, त्यामुळे भरूचला जायचं तर स्कूटर, रिक्षा, कार सगळं नर्मदेवरच्या जुन्या लोखंडी पुलावरून, म्हणजे गोल्डन ब्रिजवरून. जुलै २०२१ मध्ये शेजारी नर्मदा मैया ब्रिज सुरू झाला आणि जुना पूल गाड्यांना बंद केला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबईहून बडोद्याला जाताना भरूच स्टेशनाच्या अलीकडे गाडी नर्मदेवर येते, तेव्हा खिडकीतून शेजारी जो लांबलचक लोखंडी सांगाडा दिसतो तो हा. रेल्वेसाठी बांधलेला, १६ मे १८८१ ला खुला झाला. आराखडा सर जॉन हॉकशॉ यांचा, लांबी १४१२ मीटर, खर्च त्या काळचे साधारण ४५ लाख ६५ हजार. त्याआधीचा पूल पुरात पुन्हा पुन्हा मोडायचा. एवढ्या पैशात सोन्याचा झाला असता, म्हणून गोल्डन, असं इथले लोक सांगतात. १९३५ मध्ये बाजूला सिल्व्हर ज्युबिली रेल्वे पूल झाला आणि हा रस्त्याला आला.

आता भांडण. एक गट म्हणतो, भंगारात काढा, पडायची वाट कशाला बघता. दुसरा म्हणतो, दुचाकींना उघडा. आमचे वडील याच गटात, त्यांची निम्मी नोकरी त्या पुलावरून झाली. तिसरा गट म्हणतो, दिवे लावा, फरशी घाला, खाण्याचे स्टॉल लावा, संध्याकाळी फिरायला जागा होईल. ९ जुलै २०२५ ला आमच्या बाजूचाच, मही नदीवरचा गंभीरा पूल पडला, तेव्हापासून माझी तर कुठलाही पूल ओलांडताना छाती धडधडते. एवढा जुना पूल धड आहे की नाही हे ओळखतात कसं? आणि या तिघांत बरोबर कोण?

चर्चगेट_फास्ट

पाडा. जुनं ते सोनं वगैरे लग्नाच्या अल्बमला ठीक आहे. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, रविवार होता, पोरं सेल्फी काढत होती, चार माणसं गेली. तिथे धोक्याची पाटी होती म्हणतात. आपल्याकडे पाटी लावली की खात्याचं काम संपतं. नवा पूल आहे ना शेजारी? मग हा कशाला?

रेवातीर

अहो, पाडा काय! मैयावरचा पूल आहे तो. परिक्रमावासींना खास पायी चालायला द्यावा. महाराष्ट्रातून हजारो लोक परिक्रमेला येतात, हायवेच्या कडेने ट्रकांच्या वाऱ्यात चालतात बिचारे.

दगड_गोटे

@रेवातीर, परिक्रमावासी नर्मदा ओलांडत नाहीत हो! मैया कायम उजव्या हाताला. दक्षिण तटावरून अंकलेश्वर, हांसोट करत समुद्रापर्यंत जायचं, तिथे नावेत बसायचं आणि मिठी तलाईला उतरून उत्तर तटाने भरूचला यायचं. म्हणजे हा पूल दोन्ही तटांवरून दिसणार आणि त्यावर पाऊल टाकलं की परिक्रमा खंडित. अख्ख्या भारतात या पुलाचा उपयोग नसलेले एवढेच लोक असतील आणि तुम्ही नेमका त्यांनाच द्यायला निघालात. 😄

रेवातीर

हो की! मी अजून केलेली नाही, करायची आहे.

बीआरआय_निवृत्त

अंकलेश्वरी भाऊ, आत्ता वाचलं. मी रेल्वेत ब्रिज इन्स्पेक्टर होतो, आता बडोद्यात नातवाला शाळेत सोडणं हीच ड्यूटी. तुमचा गोल्डन ब्रिज माझ्या हद्दीत कधीच नव्हता, १९३५ नंतर त्यावरून रेल्वे गेलीच नाही. पण शेजारच्या पुलावरून ट्रॉलीने जाताना नजर तिकडे जायचीच. सवय असते.

आधी वयाचं बोलू. पुलाची जन्मतारीख विचारून काही हाती लागत नाही. गंभीरा १९८५ चा, काँक्रीटचा, चाळिशीत गेला. पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन चिरडलं, असं सरकारनेच सांगितलं, म्हणजे गाळा (दोन खांबांमधला पुलाचा भाग) जिथे टेकतो ती जागा. उलट दिल्लीचा यमुनेवरचा लोखंडी पूल १८६६ चा. वर रेल्वे, खाली रस्ता, आणि त्याने दीडशे वर्षं ओलांडूनही काम सोडलं नव्हतं. पूल जुना आहे म्हणून पडत नाही. तो कोणाच्याच डायरीत नसतो म्हणून पडतो. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं त्याचंच स्पष्टीकरण.

ओळखतात कसं, असं विचारलंत. सांगतो.

तुमचा पूल बांधला १८७७ ते १८८१ मध्ये. तेव्हा पुलांना पोलाद नुकतंच लागायला लागलं होतं, सर्रास वापर रॉट आयर्नचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या घडीव लोखंडाचा. रेल्वेत १८९५ पूर्वीच्या पोलादाकडेसुद्धा आम्ही संशयानेच बघायचो, फॉस्फरस जास्त, अचानक तडकतं. रॉट आयर्न त्या मानाने चिवट आणि गंजाला बरं. पण ते एकसंध नसतं, आत मळीचे, म्हणजे लोखंड गाळताना उरलेल्या कचऱ्याचे, धागे असतात. गंज शिरला की खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटतात. वरचा रंग शाबूत आणि आत थर सुटलेले, असंही असतं. म्हणून डोळ्याने बघून "चांगला दिसतोय" म्हणणारा माणूस कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, त्याचं ऐकू नका. ठोकून बघावं लागतं.

रिव्हेट, म्हणजे लोखंडी पट्ट्या जोडणारे गोल डोक्याचे खिळे, तपासायची रीत अगदी साधी. रिव्हेटच्या डोक्याला एका बाजूने बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूने हलक्या हातोडीने टोला द्यायचा. घट्ट असेल तर बोटाला नुसता ठणका लागतो. ढिला असेल तर डोकं बोटाखाली सरकतं, केसभरच, पण एकदा कळलं की विसरत नाही. आमच्या गँगमध्ये एक सारंग (पुलावर चढून काम करणाऱ्या खलाशांचा मुकादम) होता, रत्नागिरीकडचा, तो आवाजावरूनच सांगायचा. डोळ्यांना दिसणारी खूण म्हणजे डोक्याभोवती तपकिरी ओघळ. पावसाळ्यानंतर चढलं की असे ओघळ आधी शोधायचे, खडूने गोल करायचा, मग हातोडी. एका गाळ्यात शेकड्याने रिव्हेट असतात आणि हे काम करायला ड्रोन येत नाही. खलाशी दोरावर लटकतो तेव्हा होतं.

वरच्या कैच्या, म्हणजे ट्रस, सगळ्यांना दिसतात, फोटोत त्याच येतात, पण त्यांचं दुखणं कमी. पाणी वाहून जातं, वारा लागतो. खरी रोगाची जागा पायाखाली. ट्रसला आडव्या जोडलेल्या तुळईचं, म्हणजे क्रॉस गर्डरचं टोक, त्यावरच्या लांबीच्या दिशेच्या तुळया, म्हणजे स्ट्रिंजर, आणि ट्रसच्या खालच्या दांड्याचे, म्हणजे कॉर्डचे जोड. रस्त्याची धूळ, पक्ष्यांची घाण, गुटख्याच्या पुड्या, सगळं तिथे साचतं आणि पावसाळा संपला तरी ओलं राहतं. रेल्वेच्या पुलाला खालून आरपार उजेड दिसतो, कचरा नदीत पडतो. रस्त्यासाठी वर पाट, म्हणजे गाड्या चालायचा तळ, टाकला की तो कचरा अडकलाच. तुमच्या पुलावर ८५-९० वर्षं रस्ता होता, तेव्हा मी असतो तर पहिल्यांदा पाट उचकटायला लावला असता.

दुसरी जागा बेअरिंग, म्हणजे खांबावर गाळा ज्यावर टेकतो ते. साठेक मीटरचा लोखंडी गाळा हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत दोन-अडीच सेंटिमीटर लांबतो. एक टोक बांधलेलं, दुसरं सरकायला मोकळं. ते सरकणारं टोक मातीने आणि गंजाने जाम झालं की गाळा वाढण्याच्या वेळी खांबाला ढकलतो. ग्रीस, घासणी आणि जॅक एवढ्याच वस्तू लागतात, पण लावणारा माणूस हवा.

तिसरी जागा पाण्यात. भरूचला भरतीचं खारं पाणी येतं. भरती-ओहोटीच्या मधला पट्टा, जो दिवसातून दोनदा भिजतो आणि दोनदा वाळतो, तो सगळ्यात वाईट. आणि तळ. सरदार सरोवर धरण झाल्यापासून वरची वाळू वरच अडते, खाली उपसा चालू आहे, पात्र खोल जातं. मूळ बांधणाऱ्यांनी खांब किती खोल उतरवला होता हा आकडा कागदावर असतो. आज त्यातला किती उघडा पडलाय, हे पाणबुडे उतरवल्याशिवाय कळत नाही. पुढे समुद्राच्या बाजूला भाडभूतचा बंधारा पूर्ण झाला की पुलाखालचं पाणी गोडं होईल, म्हणजे मिठाचा त्रास जाईल, पण पाणी साठून राहील आणि गाळाचं गणित बदलेल. हे सगळं आत्ता मोजून ठेवायला हवं.

चर्चगेट भाऊंना एक सांगतो. पाडणं फुकट नसतं. भंगारवाला ट्रस उतरवून नेईल हो, पात्रातले लोखंडी खांब कोण काढणार? ते तळापर्यंत कापायचे म्हणजे क्रेनचा तराफा, पाणबुडे, आणि हे सगळं पावसाळा सोडून. अर्धवट कापून सोडले तर मासेमारीच्या होड्यांना आयता सापळा. शिवाय भरूचचा पूर मोजतात तो गोल्डन ब्रिजवरच. इशारा २२ फूट, धोका २४. सप्टेंबर २०२३ मध्ये नर्मदा ४० फुटांपर्यंत चढली होती, अर्धं भरूच गच्च्यांवर होतं, आणि टीव्हीवर पट्टी एकच, गोल्डन ब्रिजवर पाणी किती. १९७० चा पूरही याच पुलाने अंगावर घेतला. तो धडधाकटच आहे असं यावरून मी म्हणणार नाही, तपासणीचा कागद मी पाहिलेला नाही. पण दोन मोठे पूर सोसून उभा आहे, त्याला बघून न घेता मोडीत काढणं मला पटत नाही.

आता तुमचा तिसरा गट, दिवे आणि स्टॉलवाला. मला भीती वाटते ती याच गटाची. पायी माणसं म्हणजे हलका भार, असा सगळ्यांचा समज. हिशोब करा. दाटीवाटीने उभी माणसं, एका चौरस मीटरला चार-पाच, म्हणजे ३०० किलो. स्कूटर आणि वर दोन माणसं, धरा २४० किलो, पण ती जागा खाते दोन चौरस मीटरच्या वर. म्हणजे चौरस मीटरला ११०-१२० पण नाही. रस्त्याच्या पुलांचे आयआरसीचे (इंडियन रोड्स काँग्रेस) नियम आहेत, त्यात पादचाऱ्यांसाठी चौरस मीटरला ४०० किलो धरतात, आणि जत्रा-यात्रेची जागा असेल तर ५००. स्कूटरींची कोंडी परवडली, गणपती विसर्जन बघायला कठड्याला एका बाजूला लोटलेली गर्दी नको.

त्यावर पुन्हा सुशोभीकरण. १० सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा थर म्हणजे चौरस मीटरला २५० किलो, आणि हे वजन माणसं घरी गेल्यावरही तिथेच राहतं. मोरबी आठवा, ३० ऑक्टोबर २०२२, १३५ माणसं. तो झुलता पूल, जात वेगळी, पण धडा घ्यावा असा. नूतनीकरण होऊन चार दिवस झाले होते. फ्लोअरिंग नवीन घातलं, आणि जिच्यावर सगळं लटकलं होतं ती केबल जुनीच. चौकशीत निघालं की ४९ तारांपैकी २२ आधीच तुटलेल्या असाव्यात. वर चकचकीत, आत सडका.

अंकलेश्वरी_खानदेशी

काका, साष्टांग. म्हणजे वडिलांचं बरोबर? दुचाकी सोडायला हरकत नाही? त्यांना वाचून दाखवलं तर ते उद्याच बॅरिकेड हलवायला जातील.

बीआरआय_निवृत्त

थांबवा त्यांना! मी भाराची तुलना केली, परवानगी नाही दिली. मूळ ट्रस वाफेच्या इंजिनाची गाडी पेलायला बांधलेले, त्यांना स्कूटर म्हणजे काहीच नाही. पण स्कूटरचं चाक ट्रसवर येत नाही, ते पाटावर येतं, पाटाखालच्या स्ट्रिंजरवर येतं, आणि मी वर सांगितलं तसं रोग तिथेच. शिवाय गाड्या पुन्हा सोडल्या की धूळ पुन्हा साचणार. नवा पूल शंभर पावलांवर असताना हा धोका कशासाठी? वडिलांना म्हणावं, पुलाने तुमची नोकरी सांभाळली, आता त्याला निवृत्त होऊ द्या.

साबरमती_काठ

अहमदाबादहून. आमचा एलिस ब्रिज बघा. १८९२ चा, धनुष्याच्या कमानीसारखे ट्रस. हिंमतलाल भाचेच नावाच्या इंजिनिअरने बांधला. अंदाजापेक्षा खर्च कमी आला म्हणून सरकारला संशय, माल हलका वापरला असेल. चौकशी झाली, माल उत्तम निघाला, मग रावसाहेब किताब दिला. असा इंजिनिअर आज मिळाला तर त्याची बदली करतील. 😅

आमच्याकडे त्याच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचा पूल बांधला आणि जुना मधे ठेवला. मग तो २००० च्या सुमारास पूर्ण बंद. मधे बीआरटीएससाठी, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गासाठी, पाडायचं चाललं होतं, गावाने आरडाओरडा केला म्हणून वाचला. पण वाचला म्हणजे काय, तर नुसता उभा. २०२४ मध्ये दुरुस्तीला सुमारे ३२ कोटी मंजूर झाले. दरवर्षी थोडं केलं असतं तर ३२ कोटींची वेळ आली असती का, हे बीआरआय काकांनी सांगावं.

बीआरआय_निवृत्त

आली नसती. रेल्वेत आमचा एक ठराविक क्रम होता. पुलाचं रजिस्टर, त्यात दरवर्षीची पाहणी, आणि पाच-सहा वर्षांनी घासून पुसून रेड ऑक्साईड आणि वर ॲल्युमिनियमचे हात. कंटाळवाणं काम, कोणी फीत कापायला येत नाही. म्हणूनच बंद पूल सगळ्यात लवकर मरतो. गाडी जात असते तोवर काही झालं तर कोणाची तरी नोकरी जाते, म्हणून कोणीतरी बघतं. वाहतूक बंद झाली की पूल बजेटमधूनच निघतो. राजमहेंद्रीला गोदावरीवरचा हॅवलॉक पूल १९९७ मध्ये रेल्वेने शंभरीला आल्यावर बंद केला. तेव्हापासून पर्यटनाच्या घोषणा ऐकतोय.

वेल्डिंगचंही लिहायचं राहिलं. बंद पुलाच्या दुरुस्तीचं टेंडर निघालं की ठेकेदार पट्टी आणतो आणि वेल्डिंग मारतो, झटपट होतं. रॉट आयर्नला ते चालत नाही, मळीच्या थरातून फाटतं. ढिला रिव्हेट काढून तिथे घट्ट आवळायचे हाय टेन्साईल बोल्ट घालायचे. एलिस ब्रिजच्या कामातही कोणी अहमदाबादकर जाऊन हे बघून आला तर बरं.

चर्चगेट_फास्ट

काका, मान्य, पाडणं महाग. पण मग करायचं काय ते सांगा ना. बघायला छान, चालायला धोक्याचं, पाडायला महाग. मग?

बीआरआय_निवृत्त

माझ्या हातात असता तर असं केलं असतं. पाट पूर्ण काढायचा. त्याने वजन कमी, कचरा बंद, उजेड खाली, तपासणी सोपी. मग फक्त मधोमध दीड मीटर रुंदीची हलकी जाळीची वाट, दोन्ही टोकांना फिरतं फाटक, मोजून माणसं आत. स्टॉल काठावर, पुलावर एकही नाही. भरूचची खारी शिंग काठावर बसून खाल्ली तरी तेवढीच लागते. आणि तेही अख्ख्या १४०० मीटरवर नको, भरूच काठाकडचे दोन-तीन गाळे आधी उघडा, पाच वर्षं सांभाळून दाखवा, मग पुढचे. तिकीट ठेवा आणि ते पैसे रंगाच्या खात्यातच जातील असं बघा. बाकीचे गाळे माणसांना बंद, पण रंगाला आणि हातोडीला चालू.

गंमत बघा, बुलेट ट्रेनचा नर्मदेवरचा पूलही भरूचलाच, आणि त्याची लांबीही १.४ किलोमीटरच. १८८१, १९३५ आणि आताचा, दीडशे वर्षांचं रेल्वेचं पूलशास्त्र एकाच ठिकाणी उभं राहून दाखवता येईल. इंजिनिअरिंगच्या पोरांना सहलीला आणा म्हणावं, मॉल दाखवण्यापेक्षा.

दगड_गोटे

फिरतं फाटक आणि मोजून माणसं, हे ऐकायला बरं वाटतं. रविवारी संध्याकाळी फाटकावरचा माणूस "साहेबांचे पाहुणे आहेत" म्हणून किती सोडेल?

बीआरआय_निवृत्त

सोडेल. म्हणून वाट दीड मीटरची. गर्दी फाटकावर कमी होत नाही, रुंदीने होते. अरुंद वाटेवर माणसं चालत राहतात, घोळका करून उभी राहत नाहीत. माझा त्या माणसावर नाही, जाळीच्या रुंदीवर भरवसा आहे.

अंकलेश्वरी_खानदेशी

वडिलांना सगळं वाचून दाखवलं. दुचाकीचा हट्ट सोडला, पण म्हणाले, "तुझ्या काकांना विचार, आपण काय करू शकतो?" माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचं म्हणतात. गुजराती त्यांचं उत्तम आहे, चाळीस वर्षं काढली इथे. नेमकं मागायचं काय?

बीआरआय_निवृत्त

वडिलांना नमस्कार सांगा. "पूल सुरक्षित आहे का" असं विचारू नका, "हो" असं उत्तर येईल आणि फाईल बंद. कागद मागा. शेवटची पाण्याखालची पाहणी कधी झाली, तिच्या अहवालाची प्रत. प्रत्येक खांबाशी तळाची पातळी किती, आधीच्या मोजणीची आणि आताची. लोखंडाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता का, असेल तर निकाल. बेअरिंगला शेवटचं ग्रीस कधी. मागच्या पाच वर्षांत रंगावर आणि देखभालीवर वर्षवार खर्च किती. आणि शेवटी हे नक्की लिहा: सध्या या पुलाच्या देखभालीची जबाबदारी कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे आहे. बाकी सगळ्याला "माहिती उपलब्ध नाही" आलं तरी या एका प्रश्नाचं उत्तर आलं, तर पुढचं पत्र कोणाला लिहायचं ते कळेल. उत्तरं आली की इथे टाका, आकडे मी बघून देतो.